लिंबोणीचं पाणी तोडलं

१८ जानेवारी

मागच्या अंगणातल्या लिंबोणीचं पाणी आजपासून बंद! गेल्या उन्हाळ्यात जेमतेम मूठभर लिंबं, तीही वाळकी. माझ्या वडिलांची रीत — थंडी सरताना झाड तहानेलं ठेवायचं, पानं मलूल झाली की बुंध्याशी शेणखत आणि भरपूर पाणी. मग काय फुलतं!

ह्यांना सांगितलं. पलंगावरूनच म्हणाले, "त्याने काय गुन्हा केलाय?" लावलंय ना त्यांनी, म्हणून पुळका.

ऑक्टोबरात बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून हा पलंग. हाड जुळलंय. डॉक्टर म्हणतात चाला. हे माझा खांदा धरून बाथरूमपर्यंत जातात, बस. वॉकरवर टॉवेल वाळतात.

२१ जानेवारी

मोगरा छाटला. मागच्या नळाचा वॉशर बदलला, फुटक्या कुंड्या बाहेर काढल्या, जाळीला तार मारली. बसवतच नाही मला. बसले की ह्यांच्याकडे लक्ष जातं.

ऋतुजा — व्यायाम घ्यायला येते ती मुलगी — तिने वॉकरला कापडी पिशवी बांधून दिली. "काका, ह्यात चष्मा, मोबाइल ठेवायचा आणि निघायचं."

"निघून जायचंय कुठे?"

ती हसली. मला नाही आलं हसू. जाताना दारात म्हणाली, "काकू, आता मनावर त्यांनीच घ्यायला हवं. असेच पडून राहिले तर पुढे खरंच अवघड आहे."

भीती वाटते. पुष्करला सांगून काय उपयोग? मुलगा झाला तरी बंगळुरूहून फोनवर हात धरणार आहे का बापाचा?

२६ जानेवारी

लिंबोणीखाली माती ओली! आम्ही इतकं पथ्य पाळतोय आणि वरून कोणीतरी बाल्कनी धुतंय. तडक वर गेले. वरच्या मजल्यावरच्या उत्कर्षाला म्हटलं, "आमच्या बागेची आपण एवढी काळजी घेता, आभारी आहे."

ती म्हणाली, "काकू, आमची बाल्कनी पुढच्या बाजूला आहे."

खाली येताना जिना फार लांब वाटला.

२९ जानेवारी

पुन्हा ओल. भांड्यांना सुंदराबाई येतात, त्यांना विचारलं. "बाई, मी कशाला घालू? तुमच्या कुंड्या हलवून कंबर गेली माझी." भांडी आपटत घासली.

एक बरं झालं. सकाळी दुधाला जाताना ह्यांच्या उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवते, ती हल्ली येईपर्यंत रिकामी असते. डॉक्टर कधीचे सांगत होते, पाणी प्या. ऐकलं एकदाचं.

१ फेब्रुवारी

पानं हिरवीगार. एक गळेल तर शपथ. संताप नुसता!

३ फेब्रुवारी

चिडले आज ह्यांच्यावर. राग झाडाचा, निघाला तिथे. "ते झाड आणि तुम्ही सारखेच, कितीही करा, ढिम्म!" म्हटलं. हे भिंतीकडे तोंड करून पडले. वाईट वाटलं, पण समजूत काढायलाही गेले नाही. बागेत गेले.

मागच्या दाराच्या पायरीपासून बुंध्यापर्यंत सगळी माती खुरपली. ढेकळं फोडली, हाताने सपाट केली. कुंपणाकडूनही तेच. आता येऊ दे कोण येतंय ते. चप्पल उमटेलच.

५ फेब्रुवारी

काल लिहवलं नाही.

चप्पल नव्हती. पायरीपासून लिंबोणीपर्यंत गोल गोल खळगे, चार-चारचे. वॉकरचे. मध्ये ह्यांची पावलं — डावं थोडं फरपटलेलं.

तिथेच बसून रडले. मग माती सारखी केली आणि आत आले. हे पेपर वाचत होते. वॉकरवर टॉवेल, खालची पिशवी ओलीगच्च. म्हटलं, "लिंबोणी फारच सुकत चाललीय हो." पेपर खाली न घेता म्हणाले, "बघ बाई. तुझी रीत."

आज बाटली काठोकाठ भरून ठेवली. दूध लांबच्या डेअरीतून आणलं.