भाड्याची लाल गाडी

रविवार, संध्याकाळ. अमरावती.

आजही नाहीच जमलं.

मुलगी पाहायला आपली फुलांची पिकअप न्यायची नाही, हा बाबांचा हट्ट. म्हणून दर वेळी भाड्याची छोटी गाडी. अंजनगावला नेलेल्या पांढरीचा क्लच इतका कडक, की मी त्यांच्या अंगणात लंगडतच उतरलो. पातूरला नेलेल्या निळीचा एसी गरम हवा फेकत होता. दोन्हीकडून नकार. आजची लाल मात्र लोण्यासारखी चालली. समोर एका डोळ्याचा, मान डोलावणारा प्लास्टिकचा पोपट. अकोल्यापर्यंत तो हो-हो करत होता आणि मला मूर्खाला तो शकुन वाटला!

मुलीचे वडील आम्हाला घ्यायला गाडीपाशी आले, तेव्हापासूनच काहीतरी आठवत होते. पोहे खाताना आठवलं.

"हा पोपट तं मागच्या रविवारीई आला होता आमच्या इथं. पोरगा दुसरा होता."

मुलगी खुदकन हसली. माझ्याकडे तिने तोवर पाहिलंही नव्हतं.

गाड्या बदलून काय उपयोग? चालवणारा मीच ना? अजून किती घरचे पोहे खाऊ?

परतताना बाबा म्हणाले, "पुढच्या टाइमले नागपूरची गाडी आणू. थे कोनी ओळखत नाही."

पोपट हो-हो करत राहिला.