दांडा मापात धरत नाहीत

२ ऑगस्ट २०१५, रविवार. इचिकावा, जपान.
कॅरावॅनचं प्रदर्शन होतं. सहज गेलो. घ्यायचं काही नाही, हे आधीच ठरलेलं. एक नवं मॉडेल पाहिलं. आत चढून पलंगावर आडवा झालो. पाय पूर्ण लांब होतात. आपल्या जुनीत माझ्या टाचा कपाटाला लागतात. हिच्यात संडास आहे, बेसिन आहे. सेल्समन सारखा वाकत होता. कॅटलॉग आणला, तो फुकट होता म्हणून.
निश्चय: नवी नको. जुनी चालतेय तोवर चालवायची.

३ ऑगस्ट
कॅटलॉग परत पाहिला. फक्त टायर बघायला.

९ ऑगस्ट, रविवार
जुनीचा नीट विचार केला. भूकंपाच्या साली घेतली. मित्र नीलकंठ बायकापोरांना घेऊन कायमचा पुण्याला निघाला, तेव्हा त्याच्याकडून. नयना त्या वेळी बूट घालून झोपायची. मी म्हटलं, बिल्डिंग हलते म्हणून घाबरतेस ना, मग जी हलायलाच बनवलीय तिच्यात झोप. झोपली. चार वर्षं फिरलो. पण आता छत टपकतं. दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही.
ऑक्टोबरात सेंदाईला अश्लेषाचं बाळंतपण. पहिलं नातवंड. तिची खोली एकच, त्यात जावई शैलेंद्र आणि त्याची पुस्तकं. त्याच्या लॅबमधल्या साताके-सानांनी अंगण दिलंय. तिथे कॅरावॅन लावून नयना आणि मी महिनाभर राहणार. अशा वेळी माणसाने टपकत्या छताखाली राहावं का?
नयना म्हणाली, अहो, मला संडास नको, बेसिन नको, त्या छताला टेप लावा. हिला पुढचं दिसतच नाही.

१६ ऑगस्ट
बसवत नाही. तीनदा पार्किंगपर्यंत जाऊन आलो. जुनी आहे तिथेच आहे.

२३ ऑगस्ट, रविवार
मोजमाप केलं. भाड्याची जागा पाच मीटर. कॅटलॉगात नवीची लांबी चार पंच्याण्णव. पाच सेंटिमीटर उरतात. अठ्ठावीस वर्षं लेथ चालवलाय, मापं मला कोणी शिकवू नयेत.
अश्लेषाने त्या पानाचा फोटो मागवला. मग तिचा फोन. बाबा, ते नुसत्या बॉडीचं माप आहे, पुढचा ओढायचा दांडा धरून खाली वेगळं लिहिलंय, सहा मीटर वीस. मी म्हटलं, दांडा मापात धरत नाहीत. शर्ट घेताना हँगर मोजतेस का? ती म्हणाली, बाबा, तुम्ही जुनीच आणा, पण वेळेवर आणा. पीएचडी झालेली मुलगी. दांडा मोजते.

३० ऑगस्ट, रविवार
सही करून आलो. नवीच्या बदल्यात जुनी द्यायची. जुनीला गिऱ्हाईक लागलीच मिळेल म्हणाला. पार्किंगचा एक कागद तेवढा बाकी. जागेच्या मालकाचा शिक्का, जागेचा नकाशा, मग पोलीस येऊन जागा बघणार. त्याशिवाय नवी नावावर होत नाही. सेल्समन म्हणाला, तो कागद आल्यावर सही केलीत तर? म्हटलं, दोन दिवसांचं काम, त्याच्यासाठी कशाला खोळंबायचं. तो हसला. हे लोक घाबरट.
नयनाला मी सही केल्यावर सांगितलं. ती म्हणाली, बरं. हे बरं मला आवडलं नाही.

५ सप्टेंबर, शनिवार
मागच्या वेळी जागेचे मालक म्हातारे हिराओका-सान होते. न बघता शिक्का मारला, वर चहा पाजला. गेल्या वर्षी वारले. आता सून कारभार बघते. म्हणाली, येऊन मोजते. मोजायचंय काय त्यात? चार वर्षं गाडी उभी आहे ना तिथे?

१२ सप्टेंबर, शनिवार
सून आली. हातमोजे, फाईल, दोन टेप. जुनीच मोजायला लागली. दांड्याच्या टोकापासून धरली! दांडा रेघेच्या बाहेर ब्याऐंशी सेंटिमीटर.
टोकाला पिवळा स्पंज बांधलेला. मला वाटायचं, नीलकंठची आवड. सून म्हणाली, पलीकडच्या आजींनी बांधला. सायकलवरून जाताना दोनदा गुडघा आपटला, म्हणून. मी विचारलं, मग बोलल्या का नाहीत? ती म्हणाली, आम्हा सगळ्यांनाच कसं बोलावं ते सुचत नव्हतं, तुम्ही स्वतःहून विषय काढलात, फार आभारी आहोत. वाकली. मीही वाकलो. शिक्का दिला नाही. ऑक्टोबरनंतर इथे फक्त मोटार लावायची, असं फार गोड बोलून सांगितलं.
नयना म्हणाली, चार वर्षं ती म्हातारी गुडघा चोळतेय आणि तुम्ही तिला रोज सकाळी हसून नमस्काराचं ओहायो करता.

२० सप्टेंबर, रविवार
पाच पार्किंगवाल्यांना विचारलं. ट्रेलर म्हटलं की दातांतून श्वास आत ओढतात. नाही कोणीच म्हणत नाही. फक्त श्वास ओढतात. सायकलवरून एकवीस किलोमीटर झाले.

२३ सप्टेंबर, बुधवार
डोकं शांत ठेवून निर्णय घेतला. नवी नको. जुनीच सेंदाईला न्यायची, पुढचं पुढे. दुकानात जाऊन तसं सांगितलं. सेल्समन म्हणाला, नवीची ऑर्डर रद्द करतो, काही अडचण नाही, पण जुनी गुन्माच्या एका जोडप्याला विकली गेली. सही तुमचीच आहे. कागद दाखवला. माझीच. वळणदार आली होती.

२६ सप्टेंबर, शनिवार
ते जोडपं आलं. पोरगी आत शिरून टाळ्या वाजवायला लागली. छताचं सांगणार होतो. पण सकाळीच टेप लावली होती, मग सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. दार लावताना लाथ मारा, एवढं सांगितलं. घेऊन गेले.

४ ऑक्टोबर, रविवार
नयना शिनकानसेनने सेंदाईला गेली. अश्लेषाच्या खोलीत ती खाली झोपणार, शैलेंद्र स्वयंपाकघरात. जाताना म्हणाली, तुम्हाला तिथे उभं राहायलाही जागा नाही हो. भांडली असती तर बरं झालं असतं. शैलेंद्रचा फोन आला, बाबा, जवळ हॉटेल बघू का? मी म्हटलं, काही नको. बाळंतपणात पुरुषमाणसाचं काय काम?
जायचं नाही, हे मीच ठरवलंय.

८ ऑक्टोबर
करमत नाही. कचरा तीनदा वेगळा केला.

१३ ऑक्टोबर, मंगळवार
मुलगी झाली. नयनाने फोन बाळाजवळ धरला. नात रडत होती. आवाज चांगला आहे. वजन विचारलं. दोन किलो आठशे. मी म्हटलं, नीट मोजलं ना? नयना म्हणाली, अहो, नाक तुमच्यासारखं आहे. आणि तिला कोणीतरी बोलावलं, म्हणून गेली.
घरात थांबवेना. जागेचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं आहे. फुकट का सोडा? घडीची खुर्ची नेऊन पार्किंगमध्ये बसलो. पाच मीटर जागा, मधोमध मी. ऊन चांगलं होतं. पलीकडच्या आजी सायकलवरून आल्या. मी म्हटलं, नात झाली. त्या उतरल्या, दोन्ही हात धरून अभिनंदन केलं, कुठे आहे विचारलं. म्हटलं, सेंदाईला. मग तुम्ही इथे कसे, असं काही त्यांनी विचारलं नाही. पण सायकल घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.
बघितलं तर खुर्चीचा पुढचा पाय रेघेवर होता. उठलो आणि आत ओढला.