बिनवासाचा जिना

प्रिय चिमणे,

परवा फोनवर तू विचारलंस, बाबा, जिन्याचं काय झालं, आणि मी ‘होईल गं’ म्हणून विषय टाळला. तुझी आई शेजारीच बसली होती. आता ती बाजारात गेलीय, तेवढ्यात लिहितो.

गेल्या खेपेला तुम्ही आलात, तेव्हा आपला जिना चढता चढताच तुझ्या छोटीला धाप लागली. डॉक्टरांनी सांगितलं, साफसफाईच्या उग्र वासानं झालं. तो वास जाईपर्यंत तिला आणणार नाही, असं तू म्हणालीस, आणि बरोबरच म्हणालीस. तेव्हापासून मी इमारतीचा सेक्रेटरी म्हणून हात धुऊन मागे लागलोय: फिनेल बंद, ॲसिड बंद, त्याऐवजी माणसालाही बाधणार नाही आणि नाल्यातल्या पाण्यालाही, असा बिनवासाचा साबण. तुला वाटेल, साबण बदलायला असा किती वेळ लागतो? अगं, सरकार बदलणं सोपं!

नवा साबण सुरू झाला, आणि पुढच्याच मीटिंगमध्ये तळमजल्यावरचे वकील उठले. म्हणे वास येत नाही, म्हणजे सफाईच्या मावशी पुसतच नाहीत. झालं, बाकीच्यांनी तीच री ओढली. मावशी बिचाऱ्या पायरी न् पायरी घासतात, लादीत तोंड दिसतं, तरी हे लोक दार उघडून नाकानं तपासणी करणार! मावशी मला म्हणाल्या, साहेब, हातांची आग थांबली, पण बोलणी दुप्पट झाली. वकिलांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी छोटीचं सगळं सांगितलं, तेव्हा कुठे गडी खाली बसला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

आठवडाभर जिना छान होता. मग पुन्हा तोच वास, आणि तोही आपल्याच मजल्यावर. माझं डोकंच फिरलं. मी तडक खाली जाऊन वकिलांना चारचौघांत नाही नाही ते बोललो. ते शपथेवर नाही म्हणाले, तरी मी ऐकलं नाही. वकिलाची शपथ ती काय, असंही वर सुनावलं.

सोमवारी भाजीला निघालो, पिशवी विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. बघतो तर काय, तुझी आई आपल्या दारापुढे गुडघे टेकून बसलेली, हातात फडकं, बाजूला फिनेलची बाटली. मी जिन्यातच ओरडलो. सगळ्या इमारतीला शहाणपण शिकवतोय आणि माझ्याच घरात हे! वकिलांना कुठल्या तोंडानं भेटू? तर ही बाई उठून उभी राहिली, बाटली नाकाशी धरून तिनं चांगला दीर्घ श्वास घेतला, आणि म्हणाली, बघा, मला होतंय का काही? फिनेलनं कुणाला काही होत नाही. छोटीला प्रवासातली धूळ बाधली होती.

मी म्हटलं, डॉक्टर काय मूर्ख आहे? पालथ्या घड्यावर पाणी. रोज हेच चाललंय. मी बाटली फेकतो, ती नवी आणते. वकिलांची माफी मागून झाली, तेही आता माझी कीव करतात, आणि ते तर मला अजिबात सहन होत नाही.

काल जेवताना मी पुन्हा चिडलो. हट्ट तरी किती करायचा, म्हटलं. ती ताटावरून न उठता हळूच म्हणाली, चिमणी नि छोटी येणार म्हणून त्या दिवशी मी पहाटेच उठून आपला जिना दोन-दोनदा फिनेलनं पुसला होता, मग आता काय, मीच माझ्या नातीचा श्वास कोंडला म्हणायचं?

एवढे दिवस मी साबणावरून भांडत होतो आणि ती एकटी हे उराशी धरून बसली होती. तिचा काही दोष नाही म्हणून मी खूप समजावलं, पण माझं बोलणं तिला पटत नाही. तिला ते तुझ्याकडूनच ऐकायला हवंय. म्हणून हे पत्र. मिळाल्याबरोबर तिला फोन कर. जिन्याचं, डॉक्टरांचं काही काढू नकोस. माझा तुझ्यावर राग नाही, आई, एवढंच म्हण.

तुझाच,
बाबा