मधल्याचे पुढचे दात

प्रिय धाकट्या,

गुरुवार, ६ मार्च, सकाळी सव्वाअकरा. त्या वेळी तू कुठे होतास मला माहीत नाही, पण मागे लिफ्टचं दार वाजत होतं. दातांच्या डॉक्टरांनी फोन स्पीकरवर ठेवला होता आणि टेबलाच्या अलीकडे मी बसले होते, हे तुला कोणी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, "तुमचे भाऊ चावतात. पुढचे दात काढले, वरचे आणि खालचे, की सगळ्यांची सोय होईल." तू म्हणालास, "हो हो, काढून टाका. तुम्ही म्हणाल तसं." संपलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी काढलेली बाई आहे मी. माणूस ऐकून हो म्हणतोय की फोन ठेवायच्या घाईत, हे मला श्वासावरून कळतं. रद्दी उचलून न्या म्हणावं, तसं तू सख्ख्या भावाचे दात देऊन टाकलेस.

आणि तुझ्याच होकाराला किंमत, कारण बाबांनी मधल्याचा पालक म्हणून तुझं नाव लावलं. मी तेव्हा कमावती होते आणि तू मोजे सापडत नाहीत म्हणून आईला हाका मारत होतास. पण तू मुलगा. मी बोलले, तर बाबांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. ते असो. गेलेल्या माणसाशी भांडून उत्तर मिळत नाही. तू आहेस, म्हणून तुझ्याशी भांडते.

मधला चावत नाही. हे डॉक्टरांनाही सांगितलं. ते वाईट नाहीत, पण बाहेर बाकावर एवढी माणसं बसलेली की त्यांचा एक डोळा दारावरच. मधल्याच्या पुढच्या दातांना काहीही लागलं की त्याचा जबडा आपोआप मिटतो, जसा आपला पाय डॉक्टरांच्या हातोडीने उडतो. त्यात राग नसतो, काही नसतं. अशा वेळी ब्रश ओढायचा नाही. ओढला की जबडा आणखी आवळतो. तसाच धरून ठेवायचा, त्याच्या गालावर हात ठेवायचा आणि वाट बघायची. थोड्या वेळाने तो स्वतःच सोडतो आणि वर आपल्याकडेच बघतो, जणू उशीर आपल्यामुळे झाला.

म्हणून मी समोरून कधी जात नाही. त्याला बुटक्या खुर्चीत बसवते, मागे उभी राहते, त्याचं डोकं माझ्या पोटाला टेकवून घेते. समोर आरसा. बोटाने गाल बाजूला करून आधी दाढा, पुढचे दात सगळ्यात शेवटी. पेस्ट नखाएवढीच, कारण फेस घशाकडे गेला की तो घाबरतो. आणि सारखं बोलत राहायचं, ब्रश आता कुठे जाणार ते आधी सांगायचं. "आता वर, डावीकडे. आता मागची म्हातारी दाढ. थांब महाराजा, घाई कसली आहे?" शाळेत आमच्या सिस्टर रोज प्रार्थनेआधी रांगेत दात बघायच्या. देवाइतकाच त्यांचा ब्रशवर विश्वास होता. मला वाटायचं, माझ्या शिक्षणातला हा सगळ्यात निरुपयोगी भाग.

मधला राहतो त्या संस्थेतल्या मावशींनाही मी शिकवलं. एक चांगली शिकली, तर तिची बदली स्वयंपाकघरात झाली. दुसरीला पाठीचा त्रास, खुर्चीमागे वाकून उभं राहवेना. मग मीच जात राहिले, रोज संध्याकाळी. जानेवारीत मी बाथरूममध्ये पडले, मनगट मोडलं. तुला कळवलं नाही, कारण तू काळजी केल्यासारखं बोलला असतास आणि मला ते ऐकावं लागलं असतं. मी प्लास्टरमध्ये असताना नव्या मुलीने ब्रश घेतला. समोरून गेली, घाबरली, ओढला. तिच्या बोटाला टाके पडले. बिचारीचा काही दोष नाही. पण फाइलवर लाल अक्षरांत लिहिलं गेलं, "चावतो." लाल शाईने लिहिलं की माणसं पुढचं वाचत नाहीत.

तूही वाचत नाहीस, आणि का, ते मला माहीत आहे. तू सहा वर्षांचा होतास. बिस्किट त्याच्या ओठाशी धरलंस, त्याचा जबडा मिटला, तू किंचाळून बोट ओढलंस. बाबांनी त्याला मारलं. तुझं बोट आठवड्यात बरं झालं, पण त्या दिवसानंतर तू त्याच्या शेजारी जेवायला बसला नाहीस. अजूनही भेटायला आलास की दाराजवळची खुर्ची घेतोस आणि मोबाइलवर वेळ बघतोस. तुला वाटतं, त्याने तुझा राग धरला होता. धाकट्या, तुझं सगळ्यात आवडतं बिस्किट त्याच्यासाठी आणणारा तू एकटाच होतास. तुझा राग तो का धरेल? त्या दिवशी तुझं रडणं थांबलं तरी त्याचं थांबेना.

दात गेले की काय होईल ते ऐक. सफरचंदाची फोड तो पुढच्या दातांनी तोडतो, एवढं एक काम तो स्वतःच्या जोरावर करतो. ते जाईल. मग सगळं वाटून, पातळ करून, चमच्याने. आणि हसू. त्याला शब्द नाहीत. तो जे बोलतो ते दात दाखवूनच.

माझं म्हणशील तर ठीक. घर नीटनेटकं आहे, कारण पसारा करायला कोणी नाही. परवा गॅस दुरुस्त करायला माणूस आला, तो गेल्यावर लक्षात आलं की मी त्याला माझ्या शाळेपर्यंतचं सगळं सांगितलं होतं. तो आपला पाना हातात धरून उभा. दिवसभरात मला हात लावणारं माणूस म्हणजे मधला. ब्रश झाला तरी तो डोकं लगेच उचलत नाही. मीही उचल म्हणत नाही.

आता खरं काय ते लिहिते. प्लास्टर निघालं, पण मूठ वळत नाही. वळणारही नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी काल सांगितलं. डाव्या हाताने करून बघितलं. ब्रश घसरून पुढच्या दातांना लागला, त्याने जबडा मिटला, आणि आम्ही दोघं आरशात बघत वाट पाहत राहिलो. मला यापुढे जमणार नाही. संस्थेला ते माझ्याआधी कळलं, म्हणून दात काढायची घाई. फोनवर सांगितलं असतं तर तू त्यालाही हो हो म्हणाला असतास. मला तुझं हो नको, तुझे हात हवेत. आठ दिवस ये. मी शेजारी उभी राहून शिकवीन, आणि मग संस्थेतल्या दोघींना तू शिकव, माझं ऐकून त्या कंटाळल्यात. आणि हो, मलाही घरात कोणाचा तरी पसारा हवा आहे. सोमवारी, १७ तारखेला सकाळी मधल्याला दात काढायला नेणार आहेत. म्हणून शुक्रवार, १४ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत मला दोन गोष्टी लेखी पाठव: होकार मागे घेतल्याचं तुझ्या सहीचं पत्र, आणि तू कोणत्या गाडीने येतोस ते. येताना नखं कापून ये.

तुझीच, भांडले तरी तुझीच,
थोरली