हाडात चिकटलेल्या पेशी

मंगळवार, संध्याकाळ

आज घरी जायचं होतं. बाबांनी माझी बॅगही भरली होती. पण डॉक्टर म्हणाले, रक्त स्वच्छ दिसतंय, तरी ल्युकेमियाच्या काही पेशी हाडांच्या मगजात चिकटून बसल्यात. पुन्हा केमो. पुन्हा महिनाभर हीच खोली.

"काहून चिकटून राहिल्या, डॉक्टर?" बाबांनी विचारलं.

"तिथल्या पेशी त्यांना आसरा देतात. औषधाचा मार मग कमी लागतो."

चिकटून! माझ्याच हाडांत, माझ्याच आसऱ्याला. रागावू तरी कुणावर?

तेवढ्यात हुडकेश्वरच्या घरून लेकीचा फोन आला. "आई, निघाली ना?"

खोटं बोलणार होते. जमलं नाही. "आज नाही वं, पिल्लू. अजून महिना लागंल."

ती मग हळूच म्हणाली, "पप्पानं तुझंबी ताट मांडलं. उचलू का?"

"उचल," म्हणाले.