तिसऱ्या हाकेची वाट

धाकू,

सगुणेला घेऊन मी भरतीबरोबर पंढरीच्या होडीतून कल्याणला जातेय. तिथल्या दवाखान्यात एक डॉक्टर मनाचं दुखणं बघतो म्हणतात. काळुराम भगत आला तर त्याला उंबऱ्यावरूनच परतवून लाव. त्याच्या छडीचे वळ तुझ्या बायकोच्या पाठीवरून अजून गेले नाहीत, आणि तू स्वतःला नवरा म्हणवतोस. भाकऱ्या टोपलीत आहेत.

बायकोला वेड लागलं म्हणून कोलशेतभर रडत फिरू नकोस. कोणी नसताना ती दिवसभर ओ का देते, ते मला ठाऊक आहे. तुला सांगितलं नव्हतं. तुमचा नामा खाडीत बुडाला त्या सांजेला त्याने आईला हाक मारली होती. ती धावली, मीच तिचा हात धरला. सांजेला भूत आपल्या माणसाच्या आवाजात बोलावतं, तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, असं म्हटलं. हाका दोनच आल्या.

डॉक्टरला हे मी माझ्या तोंडाने सांगणार आहे. ती हाक मलाही ऐकू येते.

आज घरात तू एकटा आहेस. हाक आली तर मोजत बसू नकोस. पहिलीलाच ओ दे.

तुझी आय