यादीतलं वरचं नाव

५ जानेवारी
आज लाखनीहून भिलाईत आले, रिसालीला, नातवाच्या नव्या घरी. गावचे लोक म्हणाले होते, म्हातारे, तिथं लोखंडाची धूळ खाशील. इथं तर खिडकीबाहेर पेरूचं झाड आहे, आणि नातसून अनुजा चहात साखर टाकताना हात आखडत नाही. मले अक्षर येत नाही. मी बोलते, ती वहीत लिहिते. तिचं मराठी हिंदीत भिजलेलं आहे. हे लिहू नको म्हटलं, तर तेही लिहून राहिली.
नातू सुजय कॉम्प्युटरचं काम घरूनच करतो. दिवसभर खुर्चीत बसतो आणि संध्याकाळी म्हणतो, थकलो.

८ जानेवारी
सुजय चिडला आहे. त्याचा सर्व्हर उठत नाही. सर्व्हर म्हणजे कोण, विचारलं. त्यानं माझ्या समजुतीचं करून सांगितलं. सर्व्हर ही चूल, जावा नावाच्या भाषेत लिहिलेलं काम ही भाजी, आणि लायब्ऱ्या म्हणजे मसाल्याचे डबे. कोणते डबे कुठं ठेवले त्याची यादी चुलीले द्यावी लागते. त्याच्या यादीत एकाच नावाचे दोन डबे निघाले, एक जुना, एक नवा. सर्व्हर वरून पाहत येतो. नाव जिथं आधी सापडलं, तोच खरा. खालचा तिथंच असतो, पण त्याले कोणी विचारत नाही.
म्हटलं, मंग मोठ्याले वर बसव. पंगतीत मान मोठ्याचाच. त्यानं हसत हसत जुनी लायब्ररी वर घेतली. सर्व्हर उठला. इंजिनिअर तो, अक्कल माझी.

९ जानेवारी
सुजय आंघोळ करून जेवायला आला. अनुजा म्हणाली, तुम्ही आत्ताच तर जेवले. ताट खरकटं होतं, मीच वाढलं होतं. तो म्हणे मी न्हाणीघरात होतो. मी चिडवलं, की बापा, दोनदा जेवायचं तर सरळ माग, नाटकं कावून करतो?
तो हसला नाही.

११ जानेवारी
दुपारी ऑफिसच्या विक्कीचा फोन आला, सुजयनं उचलला आणि माफी मागितली, मीटिंगले उशीर झाला म्हणून. विक्की गोंधळला. म्हणे, सुजय तर पडद्यावर बोलून राहिला आहे.
सुजयनं मले मोबाईलवर ती मीटिंग दाखवली. त्याचीच खुर्ची, मागे पेरूचं झाड, खुर्चीत सुजय. आणि सुजय माझ्याजवळ उभा, माझा हात धरून. आम्ही खोलीत गेलो. खुर्ची रिकामी, पण बैठक गरम.
यादी त्यानं पुन्हा फिरवली, नवं वर, जुनं खाली. पण सर्व्हर बंद करून पुन्हा उठवल्याशिवाय तो नवी यादी वाचत नाही, आणि बंद होतच नाही. मशीनची तार काढली. तरी चालूच आहे.

१२ जानेवारी
सांगतेच. अनुजा, लिही.
सुजयच्या आईले त्याच्या आधी एक पोरगा झाला होता. बारशाले आत्यानं कानात सांगितलं, सुजय. तिसऱ्या महिन्यात गेला. असं झालं की आमच्याकडे पुढच्या लेकराले हलकं नाव ठेवतात, फकिरा, धोंड्या, म्हणजे ते नाव कोणी मागत येत नाही. मी ऐकलं नाही. एवढं गोड नाव वाया कावून जाऊ द्यायचं? पाळणा तोच, नाव तेच. मीच ठेवायले लावलं.
एका नावाचे दोन. आणि मोठ्याले वर बसव, हेही मीच म्हणाले.

१३ जानेवारी
अनुजाले आपला सुजय आता दिसत नाही. खुर्चीतल्याले ती चहा देते, त्याच्याशी हसते. मी म्हणते, पोरी, तुझा नवरा हा, दारात उभा. ती म्हणते, आजी, दारात कोणी नाही. पण लिहिते बिचारी.
मले दिसतो. आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा.
"आजी, मी हाये ना इथं? तू तरी माझं नाव घेत राय."
नाव घेतलं की तो दुसराच मान वळवतो.

१४ जानेवारी
सकाळपासून नावच घेतलं नाही. दारात पाहते, तो अजून पुसट —
उपाय एकच. जे तेव्हा केलं नाही ते आज. नवं नाव. हलकं. कोणाले नको असलेलं.

दुपार
केलं. दाराशी गेले — कान हाताले लागला, थंडगार. तीनदा सांगितलं. फकिरा. फकिरा. फकिरा. डोळे मिटून सांगितलं, देवाचं नाव घेऊन.
मग मागे येऊन बसले. हाक मारली, फकिरा.
ओ आली. खुर्चीतून.
दारातल्याचे नुसते ओठ हलले —
अनुजा, थांबू नको, लिही — खुर्चीतला उठला, इकडंच येतो — मग मी डोळे मिटून कोणाच्या कानात सांगितलं —